येण्याचे कारण

मार्गशीर्ष सरत आला की आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी सकाळचे दहा वाजले तरी गारच असतात. मी एकेक चादर उलटी करत जाते आणि मधेच एखादी गालाला लावून उभी राहते. खालून कुणी बघितलं तर म्हणेल, बाईचं डोकं फिरलं. पण त्या गारव्यात मला ज्वारीच्या कोवळ्या ताटांचा वास येतो. चादरी साबणानं धुतलेल्या असतात, आमचं शेत आहे पार चाकूरच्या अलीकडं, मधे अख्खं लातूर पसरलेलं, तरी येतो. मग मी समजते, येळवस जवळ आली.

पंचांगात तिचं नाव वेळ अमावस्या. बाहेरच्या माणसाला ती समजावून सांगताना माझी नेहमी तारांबळ उडते. त्या दिवशी सगळा जिल्हा उठून शेतात जेवायला जातो, एवढंच खरं तर सांगायचं असतं. ज्याचं शेत आहे तो आपल्या शेतात जातो. ज्याचं नाही तो ज्याचं आहे त्याच्या शेतात जातो, आणि बोलावणं आलं नाही म्हणून कुणी घरी बसत नाही. दुकानं बंद, चहाच्या टपऱ्या बंद, रिक्षा गायब. भर दुपारी गंजगोलाईच्या बाजारात उभं राहिलं तर आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येतो. वर्षातून एकदा हे गजबजलेलं, धुळीचं, सदा घाईतलं शहर असं झोपी जातं, आणि तिकडं शेताशेतांत कडब्याच्या कोपींतून, त्या दिवसापुरत्या उभारलेल्या खोपटांतून, धूर निघत असतो.

ही गच्ची ज्या इमारतीची आहे, ती आमची जुनी डाळ मिल. मिल बंद पडून वर्षं झाली. खाली जिथं तुरीची पोती असायची तिथं आता चोवीस पलंग आहेत, एक खाली एक वर असे. प्रत्येकाला इरकली कापडाचा पडदा, उशाशी छोटा दिवा, पायथ्याशी कुलपाची पेटी. डाळ चाळायच्या मोठ्या गोल चाळण्या भंगारात चालल्या होत्या. त्या मी छताला उलट्या टांगल्या आणि आत दिवे सोडले. संध्याकाळी ते लागले की भिंतीभर उजेडाचे ठिपके पडतात, आणि पंखा सुरू असला की हळूहळू हलतात. दमून आलेला माणूस पलंगावर पडतो, ठिपक्यांकडं बघत राहतो, आणि जेवायचं विसरून झोपून जातो. फरशी मी बदलली नाही. पोती ओढून ओढून ती इतकी गुळगुळीत झालीय की अनवाणी चालावंसं वाटतं. उन्हाळ्यात दुपारी कितीही पुसली तरी तिच्यातून डाळीचा वास येतो. पाहुणे विचारतात, वरण शिजतंय का? मी म्हणते, तीस वर्षांपूर्वी शिजत होतं.

पुण्यात बारा वर्षं नोकरी केली तेव्हा सुट्ट्यांमध्ये मी अशाच ठिकाणी राहायची. डोंगरात, समुद्राकाठी, जिथं जाईन तिथं स्वस्तातला एक पलंग घ्यायचा आणि अनोळखी माणसांच्या श्वासांच्या आवाजात झोपायचं. मला ते फार आवडायचं. शेजारच्या पलंगावरची बाई कोण, कुठली, काही माहीत नसायचं, पण तिनं कूस बदलली की बरं वाटायचं. आई गेली आणि मी कायमची लातूरला आले, तेव्हा हे डोक्यात घेऊन आले. सगळ्यांनी एकच प्रश्न विचारला, लातुरात फिरायला येतं कोण? प्रश्न रास्तच होता. पण माणसं काय फक्त फिरायलाच घराबाहेर पडतात? क्लासला ठेवलेल्या पोराला भेटायला आईबाप येतात, भरतीसाठी पोरी येतात, मुलाखतीला येतात, दवाखान्यात येतात, आणि क्वचित एखादा वेडापीर नुसता फिरायलाही येतो. या सगळ्यांनी स्टँडवरच्या बाकड्यावर पाठ टेकायची, असंच चाललेलं होतं. त्यांना कमी पैशात झोकदार जागा का मिळू नये?

मिल आप्पांची. आप्पा म्हणजे माझे वडील. उभा जन्म डाळीत गेला. धोतर, कपाळाला विभूती, आणि बोटांच्या चिमटीत डाळ घेऊन डोळे मिटून तिची जात सांगायची सवय. मी कल्पना सांगितली तेव्हा त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढं सरकवला. "तुझंच हाय. काय करायचं ते कर." एवढंच म्हणाले. मला वाटलं, जमलं.

पलंग आले त्या दिवशी ते बाहेरच्या रस्त्यावर उभं राहून बघत होते. एकावर एक पलंग चढवलेले दिसले तसा त्यांचा आवाज चढला. "माणसं म्हंजी काय तुरीची पोती हायेत का? थप्पी लावून ऱ्हायलीस." मी हसले आणि दुसऱ्याच दिवशी रंगाऱ्याकडून दारावर हिरव्या अक्षरांत लिहून घेतलं, "थप्पी". हॉस्टेलचं नाव तेच पडलं. लोकांना फार आवडलं. आप्पांना नाही.

पण खरी ठिणगी पडली ती रजिस्टरवरून. मी हौसेनं लाल कापडाची बांधणी करून रजिस्टर छापून घेतलं होतं. नाव, गाव, येण्याचे कारण, किती दिवस राहणार. कौतुकानं ते घरी दाखवायला नेलं. आप्पांनी चष्मा लावला, रकाने वाचत गेले आणि तिसऱ्यावर बोट ठेवून थांबले.

"हे काय? येन्याचं कारन?"

"पोलिसांचा नियम हाय, आप्पा."

"मग पोलिसांनी इचारावं. तू कशाला इचारतीस? दारात आलेल्या पाव्हण्याला कुनी इचारतं का, का आलास म्हनून? तुझ्या आईनं कधी इचारलं का?"

आईनं खरंच कधी विचारलं नव्हतं. तिच्या माहेरचं, शिरूर अनंतपाळचं, कोण कोण यायचं. कुणी आठ दिवस राहायचं, कुणी महिना. आई फक्त ताट वाढायची. पण मी तेव्हा हट्टाला पेटले होते. म्हणाले, तो जमाना गेला. आप्पांनी रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं. "मग मी न्हाई यायचा तिथं." आणि आप्पा बोलले म्हणजे बोलले. महादेवाच्या देवळात जायचा त्यांचा रस्ता मिलवरून जायचा, तोसुद्धा त्यांनी बदलला. मागच्या गल्लीतून वळसा घालून जाऊ लागले, गुडघे दुखत असताना.

थप्पी चालू झाली. माणसं आली, राहिली, गेली, चांगलं लिहून गेली. मी मात्र रोज सकाळी दारात पाणी मारताना रस्त्याच्या टोकाकडं बघायची. मला एवढंच हवं होतं, की त्यांनी एकदा आत यावं. चांगलं म्हणायची गरज नव्हती. नावं ठेवली असती तरी चाललं असतं. त्यांनी यावं आणि त्या चाळण्यांखाली एकदा उभं राहावं. सहा महिने मी ही इच्छा मनात धरून होते आणि जेवताना त्यांना भाजी वाढत होते.

आणि मग ती येळवस आली.

आई गेल्यावर शेताकडचं सगळं माझ्याकडं आलं होतं. आदल्या दिवशी मी सकाळपासून स्वयंपाकघरात. बाजरीचे उंडे, तिळाच्या पोळ्या, गव्हाची खीर. तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे कोवळे दाणे सोलायचे, त्यांत वांगी, गाजरं, हिरवी चिंच, डाळीचं पीठ, आणि सगळं मिळून भज्जी रटरटवायची. ती भज्जी दुसऱ्या कुठल्याच दिवशी तशी लागत नाही. मी करून बघितलीय. आणि आंबील. ताकात ज्वारीचं पीठ, लसूण, जिरं. मडक्याला बाहेरून चुन्याचे पांढरे आणि कावेचे तांबडे पट्टे. हे मडकं डोक्यावर घेऊन बाईनं शेतात जायचं. आई चालायची तेव्हा मडक्यातला थेंब सांडत नसे, आणि मी तिच्या मागून चालताना तिच्या पाठीकडं बघत असे. हिरव्यागार ज्वारीतून चाललेली ती पाठ अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

उंडे वळताना पिठाच्या डब्यामागं फोन वाजत होता. मी कोपरानं बाजूला सारला. चार पलंगांची मागणी आली होती आणि बुकिंगच्या ॲपनं ती आपणहून पक्की करून टाकली होती, हे मी बघितलंच नाही. सुरुवातीला ॲपनं मला विचारलं होतं, तुमचे सुट्टीचे दिवस कोणते? मी दसरा लिहिला, दिवाळी लिहिली, महाशिवरात्रीसुद्धा लिहिली. येळवस लिहिली नाही. येळवशीला लातूर बंद असतं हे कुणाला सांगावं लागतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडं हे कुणी कुणाला सांगत नाही. सकाळी सातला मी थप्पीला कुलूप लावलं आणि मडकं मांडीवर घेऊन चुलतभावाच्या गाडीत बसले.

त्या सकाळचं धुकं आठवतं. करडईच्या काटेरी पानांवर दव, हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब पायांना लागून पोटऱ्या चुणचुणत होत्या. कोपीत चुना लावलेले पाच दगड मांडलेले, ते पाच पांडव. नवी घोंगडी, ज्वारीच्या हिरव्या ताटांची कमान. मडकं डोक्यावर घेऊन मी बांधावरून चालले. थेंब सांडलाच. दोनदा सांडला. उन्हं वर आली, पूजेची वेळ झाली आणि आप्पांचा पत्ता नव्हता. ते नेहमी शेवटी यायचे, पण इतक्या उशिरा नाही.

मग मिलचा जुना टेम्पो खडखडत बांधाला लागला. आप्पा उतरले. मागून आधी एक सायकल उतरली, तिच्यामागं एक दाढीवाला तरुण, मग पाठीवर बॅगा घेतलेल्या दोन पोरी, आणि शेवटी हातात गाठोडं धरून, एक गुडघा सांभाळत, हिरव्या लुगड्यातली एक बाई.

मला क्षणभर काही उमगलं नाही. मग एकदम पिठाच्या डब्यामागं वाजणारा फोन आठवला.

आप्पा माझ्याजवळ आले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "कुलूप घालून आलीस. पायरीवर बसलेते समदे. ती बाई सकाळधरनं बिनच्याची हाय." मग मोठ्यानं सगळ्यांना म्हणाले, "पाव्हणे आलेत. पानं वाढा."

ते तिथं गेले कसे, हे मला नंतर कळलं. दर येळवशीला शेतात निघायच्या आधी मिलच्या उंबऱ्याला कुंकवाची दोन बोटं लावायची, हा त्यांचा जुना नेम. मिल गेली, नेम राहिला होता. आत यायचं नव्हतं, पण उंबऱ्याला कुंकू बाहेरूनही लावता येतं. ते लावायला गेले आणि पायरीवर चौघं सापडले.

हिरव्या लुगड्यातल्या मुक्ताबाई किनवटकडच्या. जंगलातल्या गावातनं नांदेडला, नांदेडहून लातूरला, रात्रभर प्रवास करून आलेल्या. उंड्याचा पहिला घास भज्जीत बुडवून त्या म्हणाल्या, "म्या म्हणलं, गावात मोठं मानूस मेलं का काय! एक मानूस दिसून नाही राहिलं. च्या नाही, पानी नाही. मंग हे बाबा आले न् म्हने, चला टेम्पोत बसा. आता बसाव का नाही बसाव?" सगळे हसले. केरळचा सायकलवाला आंबिलीचा पाचवा पेला मागत होता. आप्पांनी त्याच्याशी आपल्या ठेवणीतल्या हिंदीत संधान बांधलं होतं. "और लेव. शरमाने का नहीं. खेत अपनाच है." बॅगा घेतलेल्या त्या दोघी, देगलूरच्या मैत्रिणी, खीर वाढून घेत होत्या आणि एकमेकींना डोळ्यांनी, पुरे पुरे, म्हणत होत्या.

जेवणानंतर सगळे कोपीच्या सावलीत लवंडले. ती दुपार मला अजून सापडते, कधीही डोळे मिटले तरी. वाऱ्यावर ज्वारीची सळसळ, लांबच्या शेतातून येणारं हसणं, अर्धवट झोप. त्या झोपेत मी आप्पांचा आवाज ऐकत होते. तुमच्याकडं पाऊस कसा झाला? कापूस का सोयाबीन? लेकरं किती? आई हाय का? ते एकेकाला विचारत होते आणि माणसं मोकळी होऊन सांगत होती. ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की आप्पांनी चौघांतल्या एकालाही, का आलात, हे विचारलेलं नाही.

आणि तरी सगळं कळलं. पोरींनी आपणहून सांगितलं की उद्या पोलीस भरतीचं पळणं आहे. मुक्ताबाईंनी गाठोडं सोडून आप्पांच्या हातावर मूठभर बोरं ठेवली आणि सांगितलं की लेक इथं क्लासला आहे, चार महिन्यांत तोंड बघितलं नाही, तिच्या वसतिगृहात आईला राहू देत नाहीत, उद्या तासभर भेट मिळेल. आप्पा म्हणाले, "एक तास लई असतो, बाई. नीट भेटलं तर." माझ्याकडं रजिस्टर होतं, रकाने होते. पायरीवर बसलेली बाई बिनचहाची आहे हे मात्र माझ्या कुठल्याच रकान्यात येणार नव्हतं. मला माझीच लाज वाटली. डोळे मिटून पडून राहिले म्हणून कुणाला दिसलं नाही.

सूर्य टेकला तशी हेंडग्याची वेळ झाली. वाळल्या गवताची पेंढी पेटवायची आणि ती घेऊन आरोळ्या देत पिकाभोवती पळायचं. दर वर्षी भाऊबंदांपैकी कुणीतरी पळतं आणि पाव फेरीत धापा टाकतं. त्या वर्षी देगलूरच्या पोरी उठल्या. "आमी पळू का, आजोबा?" चुलता काहीतरी पुटपुटला. आप्पा म्हणाले, "पळू दे. पोलीस व्हायच्यात." आणि त्या पळाल्या. संधिप्रकाशात हिरव्या रानाच्या कडेनं दोन पेटत्या पेंढ्या पळत चालल्या होत्या आणि त्यांच्या मागं ठिणग्या विझत होत्या. त्यांनी सबंध शेताला फेरी घातली आणि हसत परत आल्या. आमच्या शेताची तशी राखण आधी कधी झाली नव्हती.

आता ॲपवर मी दर वर्षी लिहून ठेवते. येळवशीला थप्पी दिवसभर बंद, जेवण शेतात, टेम्पो साडेसातला निघेल. त्या दिवसासाठी माणसं महिनाभर आधी पलंग धरून ठेवतात. त्या मुक्कामाचे पैसे मी घेत नाही. टेम्पो मी चालवते. आप्पा पुढं बसतात आणि मागं वळून सगळ्यांना पाऊसपाणी विचारत राहतात. आज सकाळी चादरी काढून मी खाली आले आणि कपाटातलं पहिलं लाल रजिस्टर बाहेर काढलं. येळवशीच्या आधी एकदा ते मी उघडतेच. ते उघडलं की मी पुन्हा त्या पहिल्या येळवशीच्या संध्याकाळी थप्पीच्या दारात उभी असते.

टेम्पो दाराशी थांबला. उंबऱ्यावर सकाळच्या कुंकवाची दोन बोटं वाळली होती. मी कुलूप काढलं, दिवे लावले, पाहुणे आत गेले. आप्पा टेम्पोतच बसून होते. गाडी चालूच.

"त्या बाईला खालचा पलंग दे. गुडघा धरलाय तिचा."

"देते, आप्पा."

"पांघरून हाय का? गार पडलंय."

"हाय."

गाडी बंद झाली. आप्पा उतरून पायरीशी आले. "जाड हाय का?"

"दोन देते."

"उशी?" ते उंबऱ्याशी पोचले होते. मी उत्तर दिलं नाही. मला भीती वाटली की मी काही बोलले तर ते थांबतील. त्यांनी आत डोकावून बघितलं. मुक्ताबाई पलंगाच्या कडेला बसून गुडघा चोळत होत्या. आप्पांच्या शेतात जेवलेली बाई, त्यांचीच पाहुणी. आप्पांनी चपला काढल्या, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला आणि आत आले.

सरळ पलंगापाशी जाऊन त्यांनी पांघरुणाचं कापड चिमटीत धरलं. डाळ बघायचे तसंच. मग वर बघितलं. ठिपके त्यांच्या धोतरावर, टोपीवर पडले होते. "ही चुरीची चाळनी," ते म्हणाले. "ही तुकड्याची. ही मोठ्या दान्याची, हैदराबादचा माल जायचा तेव्हाची." प्रत्येकीखाली ते थोडं थोडं थांबले. "उलट्या टांगल्यास."

"हाव."

"बऱ्या दिसत्यात."

टेबलावर रजिस्टर उघडं होतं. ते मिटावं असं मला वाटलं, पण पोरी लिहायला लागल्या होत्या. दोघींनी लिहिलं, पोलीस भरती. सायकलवाल्यानं हिंदीत लिहिलं, घूमना. मुक्ताबाई म्हणाल्या, तूच लिही माय, लेकीला भेटाया. मी लिहिलं. वर मान केली तर आप्पा शेजारी उभे. त्यांनी खिशातून चष्मा काढला, रजिस्टर आपल्याकडं ओढलं आणि पेन मागितलं. सावकाश, आडतीवरच्या वळणदार अक्षरांत ते लिहीत राहिले. मग पेन ठेवून म्हणाले, "टेम्पो रस्त्यात हाय," आणि चपला घालून गेले. मी दारापर्यंत गेले नाही. मला आधी वाचायचं होतं.

नाव त्यांचं. गाव लातूर. येण्याचे कारण, लेकीकडे.

पुढचा रकाना होता, किती दिवस राहणार. तो त्यांनी कोरा सोडला होता. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, तिसऱ्या दिवशी आले, आणि आता रोज संध्याकाळी येऊन चाळण्यांखाली बसतात. तो रकाना अजून तसाच आहे. मीही कधी विचारलं नाही.